तीन प्रार्थना आणि एक विसरलेलं नाव : संगीतकार वसंत देसाई

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत एक पालक आले. मुलीचं नाव पाचवीत घातलं होतं. दाखला, आधार, फोटो सगळं देऊन झालं तरी ते खुर्चीतून उठेनात. शेवटी जरा संकोचत त्यांनी विचारलं, परिपाठात तुम्ही मुलांकडून नेमकी कोणती प्रार्थना म्हणून घेता? त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. कधी आपल्या समाजातले पालक विचारतात, कधी दुसऱ्या समाजातले. यात रागावण्यासारखं काही नाही. आपलं लेकरू रोज सकाळी हात जोडून किंवा हात बांधून काय म्हणतं, हे आईबापांना ठाऊक असायलाच हवं.

मी त्यांना म्हटलं, उद्या सकाळी पहिल्या घंटेला या आणि मैदानात उभं राहून स्वतः ऐका.

ते आले. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली उभे राहिले. राजुऱ्याची आमची शाळा म्हणजे छोटा हिंदुस्थानच. कोळसा खाणीत कामाला आलेल्या बिहार-यूपीच्या लोकांची मुलं, आदिलाबाद-आसिफाबादकडची तेलुगू बोलणारी मुलं, खेड्यांतून येणारी गोंड मुलं, सिमेंट कारखान्यातल्या कामगारांची मुलं, आणि घरी उर्दू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी बोलणारी आपली मुलं. राष्ट्रगीत झालं, राज्यगीत झालं, मग 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमातली ती प्रसिद्ध प्रार्थना सुरू झाली. कोणती ते सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी शाळेत म्हटलेली आहे. मी त्या पालकांकडे पाहत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलू लागले. त्यांनीही आपल्या शाळेत हीच म्हटली असणार! संपल्यावर मान हलवून ते निघून गेले. पुन्हा काही विचारलं नाही.

खरी गंमत त्यानंतर झाली. त्या दिवशी सहावीतल्या एका तेलुगू मुलीनं मला विचारलं, मॅडम, ही प्रार्थना कोणी बनवली? मी सांगितलं, लता मंगेशकरांनी गायली आहे, शांतारामबापूंच्या सिनेमातली आहे. ती म्हणाली, ते माहीत आहे, पण बनवली कोणी? चाल कोणी लावली? आणि मी गप्प झाले. वीस वर्षांच्या नोकरीत रोज सकाळी जी चाल ऐकली, ती बांधणाऱ्याचं नाव मला आठवेना. अब्बा असते तर त्यांनी झटकन सांगितलं असतं. अब्बा विविध भारतीचे भक्त होते. निवेदक गायक, गीतकार आणि संगीतकार अशी तिन्ही नावं सांगत असे, तेव्हा घरात कोणी भांडी वाजवलेली त्यांना चालत नसे.

घरी येऊन शोधलं. नाव निघालं वसंत देसाई. शोधता शोधता कळलं की शाळांमधून म्हटली जाणारी दुसरी प्रसिद्ध हिंदी प्रार्थना, 'गुड्डी' सिनेमातली, मनाला बळ मागणारी, तिची चालही त्यांचीच. तिसरी एक प्रार्थना तर थेट संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायली गेली. तिची चालही त्यांचीच! तीन प्रार्थना, बांधणारा एक, आणि नाव आमच्यासारख्या शिक्षकांनाही ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

वसंत देसाई हे कोकणातले. त्यांचा जन्म 1912 चा, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातल्या कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. आज हा भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो. या मुलखात दशावताराचे खेळ रात्र-रात्र चालतात. देवळात भजन, जत्रेत नाटक, असा तो परिसर. लहानपणी कानावर जे पडतं ते कुठं जात नाही. आमच्याकडे दंडारीचा ढोल ऐकत वाढलेल्या मुलाला वर्गात बाक वाजवण्यापासून रोखणं जसं अशक्य, तसंच हे.

1929 साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आदी मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यातले फत्तेलाल म्हणजे शेख फत्तेलाल. 'संत तुकाराम' हा मराठीतला जगभर नावाजला गेलेला सिनेमा दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीनं दिग्दर्शित केला, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवी. असो. तर या प्रभातमध्ये सतरा-अठरा वर्षांचा वसंत देसाई नावाचा पोरगा दाखल झाला. काम काय, तर पडेल ते. तेव्हा सिनेमा मुका होता. 1930 च्या 'खूनी खंजर' या मूकपटात त्यानं छोटी भूमिकाही केली. दोन वर्षांनी 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट आला, त्यात तो गायला. 1936 च्या 'अमर ज्योती'तही त्याचा आवाज आहे.

प्रभातमध्ये संगीताला गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, केशवराव भोळे अशी मोठी माणसं होती. टेंबे हार्मोनियमचे बादशहा, कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शागीर्द. देसाई या लोकांच्या हाताखाली राहून शिकले. नाटक आणि सिनेमा यांतला फरक, गाणं किती वेळ चाललं म्हणजे प्रेक्षक चुळबुळतो, कोणत्या वेळी वाद्यांनी गप्प बसावं, हे सगळं त्यांनी काम करता करता उचललं. संगीतकार म्हणून स्वतंत्र नाव लागायला त्यांना बारा-तेरा वर्षं लागली. आजच्या मुलांना गाण्याच्या स्पर्धेत एका महिन्यात स्टार व्हायचं असतं, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगते.

1942 मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईला परळमध्ये त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. पहिलाच सिनेमा 1943 चा 'शकुंतला', संगीत वसंत देसाई. सिनेमा तुफान चालला. त्यानंतर 1946 मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता 1942 मध्ये तिथंच वारले, त्यांची ही कथा. ती मूळ लिहिली ख्वाजा अहमद अब्बास यांनी. म्हणजे सोलापूरचा डॉक्टर, पानिपतचा लेखक, कोल्हापूरचा दिग्दर्शक आणि सावंतवाडीचा संगीतकार. त्या काळच्या मुंबईत कोण कुठला हे फारसं कोणी विचारत नसे, काम येतं का एवढं विचारत.

1951 चा 'अमर भूपाळी' शाहीर होनाजी बाळाच्या आयुष्यावरचा. त्यातली भूपाळी पंडितराव नगरकर आणि लताबाईंनी गायली. आजही मराठी घरांत पहाटेच्या वेळी ती लागते. 1953 मध्ये आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा हा सिनेमा, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा देशातला पहिला चित्रपट. त्याचं संगीतही देसाईंचं. शिक्षकांना घाबरवणारं, खरं म्हणजे शिक्षकांनाच चिमटा काढणारं छडीचं ते गाणं यातलंच आहे. माझ्या वर्गात कोणी माझ्यामागे ते गुणगुणलं की मी ऐकू न आल्यासारखं करते. छडी तर आता कायद्यानंच गेली, गाणं मात्र राहिलं.

आता थोडं उस्तादांबद्दल. आपल्या वाचकांना हा भाग जास्त जवळचा वाटेल.

1955 मध्ये शांतारामांनी 'झनक झनक पायल बाजे' हा नृत्यावरचा रंगीत सिनेमा काढला. नायक गोपीकृष्ण, नायिका संध्या. गीतं बहुतेक हसरत जयपुरींची. शीर्षकगीत गायला देसाईंनी सिनेमातला नेहमीचा गायक न घेता उस्ताद अमीर खाँसाहेबांना बोलावलं. राग अडाणा. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात ख्यालाचा एवढा मोठा गवई बसवायचा, आणि त्याचा मान राखून बसवायचा, हे सोपं नाही. खाँसाहेब मैफलीत एक राग तासभर गाणारे, धीम्या लयीत, एकेक स्वर उलगडत. इथं मात्र घड्याळ आणि फिल्मची रिळं! ते गाणं ऐका, घाई कुठं जाणवत नाही. तबल्यावर सामताप्रसाद. याच सिनेमात काश्मीरहून आलेल्या एका तरुण पोरानं संतूर वाजवलं, त्याचं नाव शिवकुमार शर्मा. संतूर हे काश्मीरचं सूफियाना कलामातलं वाद्य. मुंबईच्या सिनेमात त्याला जागा मिळाली ती इथं.

चार वर्षांनी, 1959 मध्ये, विजय भट्ट यांचा 'गूंज उठी शहनाई' आला. गोष्ट एका सनईवादकाची, नायक राजेंद्रकुमार. पडद्यावर राजेंद्रकुमार फुंकतो, पण आवाज आहे बनारसच्या उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांचा. सनई तोवर लग्नाच्या मांडवातली आणि देवळाच्या नगारखान्यातली. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी तिला मैफलीत आणून बसवलं, आणि देसाईंनी ती गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचवली. त्या सिनेमात उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांची सतार आहे आणि अमीर खाँसाहेबांचं गाणंही आहे. एका सिनेमात तीन उस्ताद! लाडसाहेबी थाटात सगळी चाल आपणच बांधणारा संगीतकार असता तर त्याला हे जमलं नसतं. उस्तादांना मोकळं सोडावं लागतं, आणि तरीही सिनेमाची गोष्ट पुढं सरकवावी लागते.

अब्बा सांगत की, त्यांनी हा सिनेमा बल्लारशाहला पाहिला. त्या वेळी ते शाळकरी होते. वर्धा नदीला पूर आला होता, पूल पाण्याखाली. परत येता आलं नाही म्हणून रात्री नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा पाहिला. दादांनी नंतर जो मार दिला, त्याबद्दल अब्बांना कधी पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही.

आता त्या प्रार्थनेकडे येते.

'दो आँखें बारह हाथ' 1957 चा. गोष्ट अशी : आदिनाथ नावाचा एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीबाहेर एका ओसाड जमिनीवर नेतो. ना बेड्या, ना पहारा. त्यांच्याकडून शेती करून घेतो, त्यांच्यावर विश्वास ठेवतो. सिनेमाच्या नावातले दोन डोळे जेलरचे आणि बारा हात त्या सहा जणांचे. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची अशी खुली वसाहत खरोखर होती, आज तो भाग सांगली जिल्ह्यात आहे. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि 1958 च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं.

या सहा कैद्यांसाठी एक प्रार्थना हवी होती. विचार करा, हे काम किती अडचणीचं आहे. गाणारे साधू नाहीत, खून केलेली माणसं आहेत. त्यांच्या तोंडी फार पंडिती शब्द शोभणार नाहीत. प्रार्थना एका धर्माची झाली तर गोष्टीचा जीवच जाईल, कारण गोष्ट माणसातल्या चांगुलपणाची आहे. शब्द लिहिले भरत व्यास यांनी. व्यास राजस्थानचे, शुद्ध संस्कृतप्रचुर हिंदी लिहिण्यात नाव कमावलेले. पण इथं त्यांनी देवाचं कोणतंही एक नाव घेतलं नाही. आपल्या घराघरांत दुआ मागताना ज्या शब्दांनी त्याला हाक मारली जाते, तोच मालिक हा शब्द घेतला, आणि स्वतःला बंदा म्हणवलं. मागणं काय, तर वाईटाच्या बदल्यात वाईट करावंसं वाटू नये, चांगल्या वाटेवर चालता यावं. यात कोणाला हरकत घेता येईल? आमच्या शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या पालकांना घेता आली नाही.

चाल भैरवीतली आहे. भैरवी हा सकाळचा राग, आणि मैफलीच्या शेवटी गायचा राग. पण देसाईंनी त्यात तान घातली नाही, मुरकी घातली नाही. एका ओळीतून दुसरी ओळ सहज निघते. उडी फार मोठी नाही, त्यामुळे जाड आवाजाचा, बेसूर, पट्टी न सापडणारा माणूसही कोरसमध्ये तरून जातो. मी संगीत शिकलेली नाही. पण रोज दीडशे मुलांच्या तोंडून एक चाल ऐकली की तिची घडण कळायला लागते. पहिलीच्या मुलाचा आवाज जिथवर पोचतो, त्यापलीकडे ती चाल जात नाही. आणि तरी लताबाईंनी गायली की तीच चाल केवढी मोठी होते!

इथं मला जाहिरातींची आठवण होते. आमच्या मुलांना साबणाच्या, टूथपेस्टच्या, मसाल्याच्या सगळ्या जाहिरातींच्या चाली पाठ असतात. पाढे चुकतात, जाहिरात चुकत नाही. त्या वीस सेकंदांच्या चाली बांधणंही कमी कसबाचं काम नाही. वनराज भाटियांसारख्या मोठ्या संगीतकारानं अशा हजारो चाली बांधल्या. एकदा ऐकलं की डोक्यात बसलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्यानं चाल कोणाची हे विचारताही कामा नये, असा तो धंदा. नाव वस्तूचं राहतं, बांधणाऱ्याचं जातं. देसाईंच्या प्रार्थनांचं तसंच झालं. फरक एवढा की इथं विकायला काही नव्हतं.

'दो आँखें बारह हाथ'नंतर शांतारामांची आणि देसाईंची जोडी काही वर्षं सुटली. 1959 च्या 'नवरंग'ला संगीत सी. रामचंद्रांचं. साठच्या दशकात 'लडकी सह्याद्री की'च्या वेळी ते पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात देसाईंनी पैशासाठी मिळेल तो सिनेमा धरलेला दिसत नाही. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची तेव्हा चलती होती. देसाईंची यादी त्यांच्यापेक्षा आखूड, आणि आज सिनेरसिकांच्या गप्पांत त्यांचं नाव मागे पडतं, त्याचं हे एक कारण असावं. सुनील दत्तनं 1964 मध्ये 'यादें' नावाचा सिनेमा काढला. त्यात पडद्यावर शेवटच्या क्षणापर्यंत एकच नट दिसतो. अशा सिनेमात संगीताला दुसऱ्या पात्राचं काम करावं लागतं. ते त्यांनी देसाईंना दिलं. गुलजारांचा 'अचानक' 1973 चा, त्यात तर एकही गाणं नाही. तिथं पार्श्वसंगीताला पुन्हा देसाईच.

मराठी रंगभूमीवरही त्यांचं काम मोठं. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' हे संगीत नाटक 1960 मध्ये आलं. शाहजहानच्या दरबारातला संस्कृत कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेली मुसलमान मुलगी लवंगी यांची ती कथा. त्यातली गंगेची स्तुती आजही मैफलीत गायली जाते. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी त्यांनी कुमार गंधर्वांबरोबर एका अगदी नव्या मुलीला गायला लावलं. ती वेल्लोरची, मातृभाषा तमिळ, मुंबईत बँकेत नोकरी करत होती. तिचं नाव वाणी जयराम. पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँसाहेबांकडे ती हिंदुस्थानी संगीत शिकत होती. उस्तादांच्याच आग्रहावरून तिनं बँक सोडली आणि गाणं धरलं.

आणि मग 1971 मध्ये 'गुड्डी' आला. हृषिकेश मुखर्जींचा सिनेमा, जया भादुरी शाळकरी मुलीच्या भूमिकेत. सिनेमा सुरू होतो तो शाळेच्या प्रार्थनेनं! मुली रांगेत उभ्या, आणि गुड्डी उशिरा धावत येते. प्रत्येक शाळेत अशी एक मुलगी असतेच. शब्द गुलजारांचे, आवाज वाणी जयराम यांचा, राग केदार. केदार हा रात्रीचा राग, पण देसाईंनी त्याची सकाळची प्रार्थना केली आणि कोणाला खटकलं नाही. स्वतःवर विजय मिळवण्याआधी दुसऱ्यावर विजयाची गोष्ट करू नये, असं काहीसं तिचं मागणं. त्याच सिनेमातलं पपीह्याचं गाणं मियाँ की मल्हार मध्ये आहे. मियाँ म्हणजे मियाँ तानसेन. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. मुलांवर देसाईंचा जीव होता असं दिसतं. 1968 च्या 'आशीर्वाद'मधलं रेलगाडीचं गाणं अशोककुमारनं स्वतः म्हटलं आहे. स्टेशनांची नावं धडधडत जातात, आणि अशोककुमारचं वय विसरायला होतं.

तिसरी प्रार्थना राहिली. 1966 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायल्या. तिथं गाण्यासाठी कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी संस्कृतमध्ये एक छोटी रचना लिहून दिली. सगळ्यांशी मैत्री ठेवा, युद्ध सोडा, दुसऱ्याचं बळकावू नका, असा तिचा आशय. गाणाऱ्या कर्नाटक संगीतातल्या, लिहिणारे तमिळ देशातले आचार्य. आणि चाल बांधली आमच्या कोकणच्या वसंत देसाईंनी. त्याच्या वर्षभर आधीच भारत-पाकिस्तान युद्ध झालं होतं, दोन्हीकडच्या किती घरांत माणसं परतली नव्हती. सुब्बुलक्ष्मीबाई पुढं आयुष्यभर मैफलीत ती रचना गात राहिल्या.

खुनी कैदी, शाळकरी मुली आणि जगभरचे राजदूत. तिघांसाठी प्रार्थना, तिन्हींत कोणाला बाहेर ठेवलेलं नाही. हे ठरवून झालं असेल का, मला सांगता येणार नाही. शब्द तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या लोकांचे. पण तिन्ही वेळा लोकांना देसाईच आठवले, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

22 डिसेंबर 1975 ला मुंबईत ते राहत होते त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात झाला आणि त्यात वसंत देसाई गेले. वय त्रेसष्ट. हातात काम होतं. 'शक' हा त्यांचा सिनेमा ते गेल्यावर 1976 मध्ये आला.

राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. इथल्या जुन्या कागदांवर उर्दू आहे, वयस्कर माणसांच्या बोलण्यात तेलुगू आहे, बाजारात मराठी आणि गोंडी. आमच्या दादांची पिढी शाळेत कोणती प्रार्थना म्हणत होती ते मला ठाऊक नाही. अब्बांची पिढी 'दो आँखें बारह हाथ'ची म्हणत मोठी झाली. माझी पिढी दोन्ही म्हणत होती, सोमवार ते बुधवार एक आणि गुरुवार ते शनिवार दुसरी, कारण आमच्या बाईंना दोन्ही आवडत. कोणत्याही बाईंनी वसंत देसाई हे नाव मात्र आम्हाला सांगितलं नाही. मीही वीस वर्षं सांगितलं नाही.

परिपाठात दिनविशेष सांगायची पद्धत असते. 22 डिसेंबरला आम्ही श्रीनिवास रामानुजन यांची जयंती, राष्ट्रीय गणित दिवस, एवढं सांगून मोकळे होतो. या वर्षी त्या तेलुगू मुलीला मी दिनविशेषाचा फळा लिहायला दिला. तिनं रामानुजन लिहिलं. खाली जागा उरली होती. तिथं तिनं जरा तिरक्या अक्षरांत संगीतकार वसंत देसाई यांची पुण्यतिथी असं लिहिलं, पुण्यतिथीतली वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली. मग घंटा झाली आणि मुलं रांगेत उभी राहिली.